दूध आणि कोठीतली पूड

२००४ सालच्या थंडीत आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी भोपाळहून लष्करला माहेरी आली. बाराव्या दिवशी नातवाचे बारसे झाले. घर ओव्याच्या धुरीने आणि हळिवाच्या खिरीच्या वासाने भरून गेले. अशातच एके रात्री ती आम्हां उभयतांसमोर वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन बसली. भोपाळच्या मातांच्या दुधाची तपासणी झाली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात म्हटले होते, की अंगावरच्या दुधावाटे तान्ह्या मुलांच्या पोटात एंडोसल्फान हे कीटकनाशक जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दैनिक प्रमाणाच्या आठपटींहून अधिक जात आहे. एचसीएचचा, म्हणजे पूर्वी बीएचसी वा गॅमेक्झिन म्हणून दुकानात मिळणाऱ्या विषाचाही त्यात उल्लेख होता.

"आई, उद्यापासून याला वरचे दूध देऊ का?" एवढेच तिने विचारले.

आम्हांला उत्तर सुचेना. कारण ती पूड आमच्या घरात परकी नव्हती. आमच्या लहानपणी हिवतापवाले येत, भिंतींवर डीडीटी फवारीत आणि दारावर तारीख लिहून जात. त्या फवारणीने असंख्य जीव वाचले, हे खोटे नाही. पण पुढे संसार थाटल्यावर गव्हाला कीड लागू नये म्हणून कोठीत पांढऱ्या पुडीच्या पुरचुंड्या ठेवल्या, त्या मात्र आम्हीच. त्याच गव्हाच्या पोळ्या खाऊन ही मुलगी वाढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओळखीच्या वृद्ध डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले. डीडीटीसारखी द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. शरीर ती सहजी बाहेर टाकू शकत नाही. वर्षानुवर्षे ती मेदात साठून राहतात. दुधात स्निग्धांश असतो, त्याबरोबर ती बाळाकडे जातात, आणि साठा जुना असल्याने बहुधा पहिल्या मुलाच्या वाट्याला अधिक येतात. हे ऐकून आमच्या कन्येचे डोळे भरून आले. तेव्हा बाई म्हणाल्या, "म्हणून दूध तोडायचे नाही. रोगांशी झुंजण्याचे जे बळ यात आहे, ते डब्यातल्या दुधात नाही. आणि म्हशीचे दूध तरी कुठे निर्मळ आहे?"

बाईंचे म्हणणे खरे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बारा राज्यांतील गाई-म्हशींच्या दुधाच्या सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्या, असे सांगते.

मग उपाय कोणता? तो स्वीडनने दाखविला. तेथे डीडीटीवर बंदी आल्यानंतर, १९७२ ते १९९७ या काळात, मातांच्या दुधातील त्याचे प्रमाण उतरत उतरत अल्पांशावर आले. विषाचा उगम बंद केला, की दूध हळूहळू आपोआप निवळते. आपल्याकडे डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये आणि एचसीएच १९९७ मध्ये बंद झाले. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली.

त्या रात्री आम्ही कन्येजवळ कोठीची सारी हकीकत कबूल केली. "तुझ्या दुधात काही उणे असेल, तर ते आमच्या हातचे आहे," असे म्हणालो. ती काही बोलली नाही. नातू रडू लागला होता. तिने त्याला पदराखाली घेतले.

त्या उन्हाळ्यात कोठी घासून स्वच्छ केली. तेव्हापासून गहू कडक उन्हात वाळवितो आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवतो. कधी किडे होतात. मग चाळून, निवडून घेतो. घरात कोणतीही नवी पूड आणताना आता आम्ही दुकानदाराला दोन प्रश्न अधिक विचारतो. पूर्वी एकही विचारला नव्हता.