अंगणावरून गेलेली सडक

रत्नागिरीस प्रथमच येणारा पाहुणा एक प्रश्न हटकून विचारतो. मुंबई-गोवें महामार्ग साऱ्या जिल्ह्यांतून उभा जातो, मग जिल्ह्याच्या मुख्य गांवासच तो शिवत कां नाहीं? हातखंब्याच्या तिठ्यावरून चारएक कोस समुद्राकडे वळल्यावांचून रत्नागिरी लागत नाहीं.

याचें उत्तर आम्ही वर्गांत नकाशावर छडी ठेवून देत असूं. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण हीं गांवें पाहावीं. प्रत्येक गांव एकेका खाडीच्या शेवटाशीं वसलेलें आहे. भरतीचें पाणी जेथवर चढे तेथवर गलबतें येत, तेथें माल उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढे. बाणकोट, दाभोळ, जयगड येथें खाड्यांचीं मुखें विस्तीर्ण. त्यांवर पूल बांधणें जुन्या काळीं कोणास परवडणार? आंतल्या अंगास मात्र नदी अरुंद होते. म्हणून सडक या जुन्या बंदरांतून, माळेंत दोरा ओवावा तशी, गेली. रत्नागिरी आगबोटीची वाट पाहत किनाऱ्यावर बसली, ती बसलीच.

नदी अरुंद म्हणून ती गरीब असते असें मात्र नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरांत गेला. त्यासरशीं दोन एस. टी. गाड्या गेल्या, एक जयगडची व एक राजापूरची. त्या रात्रीनंतर कित्येक दिवस आमच्याकडे मुंबईस निघणाऱ्या माणसास कोणी ‘सांभाळून जा’ एवढेंही म्हणत नसे. नुसतें दारापर्यंत पोंचवीत.

या सडकेचें रुंदीकरण २०११ सालीं पनवेलच्या बाजूनें सुरू झालें आणि यथावकाश आमच्या दारीं आलें. आमचें मूळचें घर संगमेश्वर तालुक्यांत, अगदीं सडकेला लागून. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालीं नोटीस आली तेव्हां सात-बारा काढून पाहिला. त्यावर अकरा नांवें! कित्येकांनीं तें अंगण वीस वर्षांत पाहिलेलें नव्हतें. जमीन निराळी, विहीर निराळी, झाडें निराळीं, असा मोबदल्याचा हिशेब झाला आणि सर्वांस गांवाची आठवण झाली.

आमच्या वडील भगिनीस पुण्यास दिलेली. बंधूंचें मत पडलें कीं, अक्काकडून हक्कसोडपत्र घ्यावें. पूर्वापार चालत आलेंच आहे. कागद घेऊन जाण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि सांगण्यास लाज वाटते, आम्हीं तें स्वीकारलें. आयुष्यभर ‘मातृवत् परदारेषु’ घोकून घेणारा मास्तर सख्ख्या बहिणीच्या दारीं असा कागद घेऊन उभा राहिला. अक्कानें चष्मा लावून तो सावकाश वाचला.

“विहिरीवरच्या काप्या फणसाचे पैसे धरलेत का?”

“धरले.”

“मग सही देतें. पण तूं विचारायला आलास कीं सांगायला?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सही घेऊन आम्ही परतलों. कागद चार महिने ट्रंकेंत पडून होता. त्याची नोंदणी करण्यास पाय निघेना. अखेर आम्हीं तो फाडला. अक्काचा वांटा अक्काच्या नांवें जमा झाला. एका चुलत बंधूनीं त्या दिवसापासून आमच्याशीं बोलणें टाकलें आहे, तें अद्याप तसेंच आहे.

पुढें एका गणपतींत अक्का आली. कशेडीचा बोगदा तिला फार आवडला. घाटांत पूर्वी तिला हटकून ओकारी होई, असें ती वाटभर सांगत होती. गांवाजवळ येतांच तिनें गाडी थांबवावयास लावली व खिडकींतून बाहेर पाहिलें.

“आपलें अंगण कोठें होतें रे?”

आम्हीं हात केला. नंतर वाटलें, विहीर त्याच्या बरीच अलीकडे असावी.