वलगण

मासेमारीवरची इंग्रजी पुस्तके मी पुष्कळ वाचली, आणि प्रत्यक्ष पाण्याशी गेल्यावर तीच माझ्या आड आली. त्या पुस्तकांचा नायक ट्राउट. गळाभोवती पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी जड दोरीला जोडायची, ती दोरी हवेत मागेपुढे खेळवायची आणि माशी पाण्यावर इतक्या हलकेच उतरवायची की किडे टिपणारा मासा फसावा, असे ते शास्त्र. साहेबाने 1900 साली ट्राउटची अंडी काश्मिरात पोहोचवली, पुढे निलगिरीतही हा मासा रुजवला. कोकणच्या उबदार पाण्यात त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. हे ठाऊक असूनही मी ते सगळे सामान विकत घेतले आणि एका सप्टेंबरात खारघरच्या डोंगरातल्या एका ओढ्यावर जाऊन उभा राहिलो.

पांडवकडा नव्हे. तिकडे पावसाळ्यात जायला बंदी असते, आणि तिथले अपघात पाहता ती योग्यच आहे. हा ओढा निनावी. रुंदी चार-पाच हात. दोन्ही काठांवरच्या घाणेरी, निरगुडी आणि करवंदीच्या जाळ्या वरून एकमेकींत मिसळलेल्या. पहिल्या फेकीला माझी माशी मागच्या करवंदीत अडकली, दुसऱ्या फेकीला निरगुडीत, तिसऱ्या फेकीला माझ्याच सदऱ्यात. समोरच्या गुडघाभर डोहात बोटभर लांबीच्या, निळसर पट्ट्यांच्या मासोळ्या पाण्यावर पडणारे किडे खुशाल टिपत होत्या.

पलीकडच्या दगडावर एक म्हातारा बसला होता. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. थोड्या वेळाने त्याने आपली काठी माझ्याकडे सरकवली. चार हातांचा कळक, त्याला काठीपेक्षा आखूड तंगूस, टोकाला बारीक गळ आणि गांडुळाचा तुकडा. फेकायचे नाहीच. काठावर गुडघे टेकायचे, झुडपाच्या फटीतून काठी सापासारखी पुढे सारायची आणि गळ सरळ खाली सोडायचा. "पान्यावर सावली टाकू नको, सायेब," एवढाच त्याचा उपदेश. माझ्या पुस्तकांतल्या कित्येक प्रकरणांचे सार त्यात होते. आमच्याकडे याला गरवणे म्हणतात. या शब्दात धीर आहे, फेकीचा तोरा नाही.

पुढे आम्ही अनेकदा भेटलो. नवी मुंबईसाठी 1970 नंतर 95 गावांची जमीन संपादित होऊ लागली, त्यात त्याच्या घरची भातखाचरे गेली. हा ओढा त्या खाचरांतून खाडीकडे जाई. पहिल्या मोठ्या पावसात पाणी उतू लागले की खालचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढत, खाचरांत शिरत, आणि गाव कंदील व टोपल्या घेऊन रात्री बाहेर पडे. ही वलगण. आज ओढ्याचा खालचा भाग सिमेंटच्या नाल्यातून जातो. नाला सुरू होतो तिथे पुरुषभर उंचीची उभी भिंत आहे. माझी इमारत त्या नाल्याला लागून आहे.

पुढच्या जूनमध्ये माझ्या गळाला वीतभर शिंगटी लागली. पोट अंड्यांनी टरारलेले. तिचा काटा बोटात शिरला तरी मी गळ सोडवून तिला पाण्यात सोडले, आणि मनातल्या मनात थोडा सुखावलोही. पुस्तकांतले सभ्य लोक असेच करतात. म्हातारा मात्र संतापला. खायचा नव्हता तर टोचलास कशाला, हा त्याचा पहिला प्रश्न. अंड्यांविषयी मी बोललो तेव्हा तो म्हणाला, "आमच्या आज्यानं वलगन खाल्ली, बापानं खाल्ली, मासा काय संपला नाय. भिंत आली नि संपला."

हा हिशोब मला आजही पुरता पटत नाही. मासे मुबलक असताना जे खपून जाते, ते चार डोहांपुरते उरल्यावर खपत नाही. गाभोळीचा मासा खाण्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्याच्या पहिल्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि दुसऱ्या वाक्यातल्या भिंतीच्या कोणत्या बाजूला मी राहतो हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

त्या ओढ्यात मळ्याही आहे. कर्नल साइक्सने 1839 साली दख्खनच्या माशांचे वर्णन करताना पुष्कळ नावे इथल्या लोकांच्या तोंडून घेतली. मळ्याच्या शास्त्रीय नावात 'मुल्या' आला तो असा. मळ्या गळाला सहसा लागत नाही, दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याच्या हनुवटीखाली एक चकती असते. तिच्या जोरावर तो धारेतल्या खडकाला चिकटून राहतो आणि ओल्या कातळावरून इंचाइंचाने चढतो.

यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात मी संध्याकाळी नाल्यापाशी गेलो. म्हातारा आधीच तिथे उभा होता. भिंतीवरून गढूळ पाणी पडत होते, आणि धारेच्या कडेला, जिथे सिमेंट नुसते ओले होते, तिथे पाच-सहा मळे चिकटलेले दिसले. वरून पुरात वाहून आलेले असावेत. एखादा चार बोटे चढे, थांबे, सुटून खाली पडे. म्हाताऱ्याने छत्री मिटून उलटी धरली, कठड्यावरून वाकून दोन मळे अलगद सोडवले आणि छत्रीतल्या पाण्यात टाकले. मग तो डोंगराच्या वाटेला लागला. त्याचे घरही त्याच वाटेवर आहे, त्यामुळे ते कालवणात जाणार होते की वरच्या डोहात, हे मला कळले नाही. मी विचारलेही नाही.