आवाज कुठून येतो

कोल्हापूर

चि. रमा,


फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाला तुला प्रवेश मिळाल्याचं ताईने फोनवर सांगितलं, तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे. तू शिकणार आहेस ते आवार प्रभात फिल्म कंपनीचं. १९२९ साली इथे कोल्हापुरात निघालेली कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तिथल्या स्टुडिओत 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' झाले. म्हणून मावशीचा एक हट्ट पुरव. यंत्रांना हात लावायच्या आधी 'कुंकू' बघ. बघ म्हणण्यापेक्षा ऐक.

१९३७ चा चित्रपट. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, ते लग्न मानायलाच तयार नाही. आजचा चित्रपट असता तर तिच्या प्रत्येक नजरेखाली व्हायोलिनं वाजली असती. दिग्दर्शक शांतारामबापूंनी आणि संगीतकार केशवराव भोळ्यांनी पार्श्वसंगीतच काढून टाकलं. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे ठेवले. नीरा गप्प होते तेव्हा आता काय वाटून घ्यायचं हे आपल्याला कुणी सुचवत नाही. आपण तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. मराठी बोलपट येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती, हे लक्षात घे. आवाज हाती आल्या आल्या त्यातला किती वगळायचा, याचा विचार ही माणसं करत होती!

हल्लीच्या बहुतेक चित्रपटांवर माझा राग आहे तो नेमका इथे. ऐतिहासिक चित्रपट तर सोसवत नाहीत. तलवार उपसली की ढोल, आई दिसली की बासरी, कुणी कोसळला की कोरस. नट काही करायच्या आतच आपलं रडू ठरवून टाकलेलं असतं. यात प्रेक्षकाचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं.

पण म्हणून चांगलं होतं ते सगळं प्रभातबरोबर संपलं, असं मी मानत नाही. नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' आठव. त्यातल्या शाळकरी जब्याचं घरदार शाळेजवळ डुकराच्या मागे धावतंय. डुक्कर हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, मग बाप, मग सगळेच. डुक्कर निघून जातं. हा आवाज वरून ओतलेला नाही. शाळेच्या आवारातून येतो आणि त्या माणसांना जागच्या जागी खिळवतो. पोट, जात, शाळा, देश, सगळं त्या एका आवाजात येतं आणि संवाद एकही लागत नाही. मला विचारशील तर हे 'कुंकू'च्याच घराण्याचं काम.

त्याच मंजुळ्यांनी 'सैराट'साठी अजय-अतुल यांचा वाद्यवृंद थेट हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित करून घेतला. इतकं संगीत हाताशी असताना, शेवटी लहानगं रडत बाहेर येतं तिथे आवाज पूर्ण बंद केला. असं करायला छाती लागते.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'ही तसाच. न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवतात आणि कॅमेरा अंधारात तसाच थांबतो. संपला समजून माझ्या शेजारचे लोक उठले. मी बसून होते. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 'संत तुकाराम' वाखाणला गेला, २०१४ मध्ये तिथेच 'कोर्ट'ला पुरस्कार मिळाला, याचा मला फार आनंद आहे. 'संत तुकाराम'मध्ये गौरीने केलेली तुकारामांची बायको जिजाई आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि चप्पल घेऊन पांडुरंगावर धावून जाते, ते बघताना मला आजही धाप लागते. अभिनय शिकलेली बाई नव्हती गौरी. 'कोर्ट'मधल्या कित्येक माणसांचंही तसंच आहे.

सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळालेला रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' माझा अजून बघायचा राहिलाय. तू पाहिला असशील तर त्यातल्या आवाजांबद्दल सविस्तर लिही. गोष्ट मात्र सांगू नकोस.

तुझी,
मावशी