लाल विटांची शाळा

‘घर चालवणारी प्रत्येक बाई जन्मजात मॅनेजर असते!’ महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला बोलावलेले पाहुणे हे वाक्य हमखास म्हणतात. टाळ्या पडतात, वाण मिळतं आणि आपण घरी येऊन कणीक मळायला घेतो. मग मनात येतं, आपण जन्मजातच मॅनेजर, तर मग ही पोरंपोरी दोन दोन वर्षं रात्रीचा दिवस करून, लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन शिकतात तरी काय? हे जवळून बघायचा योग माझ्या भाचीमुळे आला. ती अहमदाबादच्या आय. आय. एम. मध्ये पहिल्या वर्षाला आहे.

जळगावहून नवजीवन एक्स्प्रेस धरली. बरोबर केळ्याचे वेफर्स, दाण्याची चटणी आणि ताईने लेकीसाठी दिलेला लाडवांचा डबा. नंदुरबारपर्यंत आपलंच वातावरण असतं. सुरत मागे टाकली की फलाटावरचा चहा गोड होतो आणि हाकाही गुजराती होतात. अहमदाबादला उतरलं की रिक्षावाला ‘बेन’ म्हणून हाक मारतो, पण भाडं मात्र जरा जास्तच सांगतो!

साबरमतीच्या पश्चिमेला वस्त्रापूर भागात ही संस्था आहे. कायद्याच्या भाषेत हे काही विद्यापीठ नव्हे. पूर्वी इथे पदविका देत. २०१७ च्या कायद्यानंतर पदवी देता येऊ लागली. ११ डिसेंबर १९६१ ला संस्था स्थापन झाली. केंद्र सरकार, गुजरात सरकार, गिरणीमालक, फोर्ड फाउंडेशन आणि अमेरिकेतली हार्वर्डची बिझनेस स्कूल अशा सगळ्यांनी हातभार लावला. मागे उभे होते विक्रम साराभाई. अवकाश संशोधनामुळे त्यांचं नाव आपल्याला ठाऊक असतं, पण या शाळेचे सुरुवातीचे मानद संचालकही तेच, हे मला इथे येऊन कळलं.

आणखी एक नाव मात्र मी वहीत दोनदा लिहून घेतलं. डॉ. कमला चौधरी. संस्थेच्या पहिल्या प्राध्यापक. लग्नानंतर थोड्याच काळात वैधव्य आलं. पुढे त्यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. अहमदाबादच्या कापड संशोधन संस्थेत, म्हणजे ‘अटिरा’त, गिरणी कामगारांचा अभ्यास केला आणि मग या शाळेची घडी बसवायला त्या आल्या. पहिला पूर्णवेळ संचालक नेमायची वेळ आली, तेव्हा १९६५ मध्ये रवि मथाई आले. मथाई मोठे होतेच. १९७२ मध्ये संचालकपद आपणहून सोडून ते त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. असं खुर्ची सोडणं आपल्याकडे विरळाच! तरीही कमलाबाईंचं नाव आपल्या कानावर इतकं कमी का येतं, हा प्रश्न मला पडलाच.

आता इमारतींबद्दल. फाटकातून आत गेल्यावर समोर नुसत्या विटा. गिलावा नाही, रंग नाही. लाल विटांच्या जाडजूड भिंती आणि त्यांत पुरुषभर उंचीहून मोठी गोल गोल भोकं. पहिल्यांदा वाटतं, खिडक्या बसवायच्या राहून गेल्या की काय! मग त्या सावलीत पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. बाहेर अहमदाबादचं ऊन रणरणत असतं आणि आत वाऱ्याची झुळूक फिरत असते. आजीच्या वाड्यातल्या माजघरात असायचा तसाच गारवा.

हे लुई कान या अमेरिकन वास्तुकाराचं काम. बाळकृष्ण दोशींच्या आग्रहावरून ते १९६२ मध्ये आले. पोरं फक्त वर्गात शिकत नाहीत, जिन्यात, ओसरीवर, येता-जाता बोलतानाही शिकतात, असं त्यांचं मत. म्हणून वर्गांइतकीच जागा त्यांनी पडव्यांना दिली. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परत जाताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर त्यांना मृत्यू आला. राहिलेलं काम पुढे अनंत राजे यांनी नेलं. ते जन्माने मुंबईचे, जे. जे. मध्ये शिकलेले. परमुलखात आपलं आडनाव ऐकलं की छाती उगाच फुगते, त्याला काय करायचं!

या विटांनीच अलीकडे मोठा वाद उभा केला. भिंतींना ओल, सळया गंजलेल्या, त्यात २००१ चा भूकंप. ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने इतकी नीट केली की २०१९ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि २०२० च्या डिसेंबरात संस्थेने जुन्या अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडायचं ठरवलं! जगभरातून ओरड झाली आणि आठवडा-दहा दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. २०२२ मध्ये काही इमारती नव्याने बांधण्याचा विषय पुन्हा निघाला. आपल्याकडे वाडा पाडायचा की राखायचा यावरून भाऊबंदांत जे होतं, तेच इथे मॅनेजमेंटच्या पंढरीत झालं. मुलांच्या डोक्यावर छपराचा तुकडा पडू नये, हेही खरंच. निवाडा करायला मला तरी जमणार नाही.

रविवार होता, म्हणून भाचीने रिकामा वर्ग दाखवला. घोड्याच्या नालासारखी बाकांची रचना, पायऱ्यापायऱ्यांची, मध्ये खोलगट जागेत मास्तर उभे राहणार. प्रत्येकापुढे नावाची पाटी.

“इथे मास्तर शिकवत नाहीत मावशी, विचारतात,” ती म्हणाली.

त्या पद्धतीला ‘केस’ म्हणतात. हार्वर्डकडून आलेली. केस म्हणजे एखाद्या धंद्याची पंधरा-वीस पानांची खरीखुरी गोष्ट, फक्त शेवट काढून घेतलेला. अमक्या दिवशी अमका मॅनेजर टेबलाशी बसला आहे, पुढे तोट्याचे आकडे, संप तोंडावर, गोदाम भरलेलं. आता तू असतीस तर काय केलं असतंस? रात्री वाचायचं, चार जणांत बसून भांडायचं, सकाळी वर्गात नाव पुकारलं की उभं राहून बोलायचं. मध्येच न सांगता परीक्षा. बरोबर उत्तर असं नसतंच म्हणे. कशावरून तसं ठरवलं, ते सांगता यायला हवं. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवरसुद्धा हार्वर्डने २०१० मध्ये अशी केस लिहिली आहे.

पण केसच्या आधी मुळाक्षरं. ती भाचीने मला कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता सांगितली. हेन्री फेयॉल नावाचे एक फ्रेंच खाण-इंजिनिअर होते. बुडीत निघालेली खाण कंपनी त्यांनी सावरली आणि १९१६ मध्ये आपल्या अनुभवाचा ग्रंथ लिहिला. त्यात कारभाराची चौदा तत्त्वं आहेत. एका माणसाला एकाच वरिष्ठाने हुकूम द्यावा, हे त्यातलं एक. मी म्हटलं, मग सासूबाई, मामंजी, नणंद आणि नवरा असे चार साहेब एकाच सुनेला, हे फेयॉलसाहेबांना कसं चाललं असतं? दोघी पोट धरून हसलो.

दुसरं तत्त्व ऐकून मात्र हसू आलं नाही. जबाबदारी जेवढी, तेवढाच अधिकार द्यायला हवा. काम एकाच्या गळ्यात आणि ठरवण्याची सत्ता दुसऱ्याच्या हातात असेल, तर कारभार बिघडतो. मी चहाचा पेला खाली ठेवला. महिना पुरवायचा आपण, पण किती पैशांत, हे ठरवायचं कोणी? मुलाच्या अभ्यासाचा जाब आपल्याला, शाळा निवडणार कोण? ‘जन्मजात मॅनेजर’ म्हणणाऱ्या पाहुण्यांनी जबाबदारीबद्दल टाळ्या घेतल्या. अधिकाराचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

संध्याकाळी लुई कान यांच्या नावाच्या त्या मोठ्या चौकाच्या पायऱ्यांवर बसलो असताना भाचीने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. “मावशी, हा आईला देशील? मला फोनवर सांगायचा धीर होत नाही.”

कागदावर ताईच्या डब्यांचा हिशेब होता. ताई भुसावळला जेवणाचे डबे देते. पहाटे साडेचारला उठते. रोजचे बारा डबे, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ३०० डबे. एका डब्याचे ८० रुपये. धान्य, भाजी, तेल, गॅस धरून एका डब्याला ५० रुपये खर्च. ताईच्या मते डब्यामागे ३० रुपये सुटतात, म्हणजे महिन्याचे ९,०००. पण मदतनीस बाई आणि डबे पोचवणारा मुलगा यांचे मिळून ६,००० जातात, ते ती घरखर्चातून देते, वेगळे मांडत नाही. डबा एक असो की बारा, हे सहा हजार लागणारच. यालाच हे लोक स्थिर खर्च म्हणतात. सहा हजारांना तीसने भागा. २०० डबे होईपर्यंत ताई फुकट राबते. उरलेल्या शंभर डब्यांचे ३,००० तिचे. म्हणजे दिवसाला १२० रुपये! मदतनीस बाईलाही त्याहून जास्त पडतात.

खाली भाचीने आणखी एक ओळ लिहिली होती. आईने आपल्या श्रमाचे महिन्याला नऊ हजार तरी धरले, तर रोज वीस डबे लागतील. वीस डबे त्या ओट्यावर होणं शक्य नाही.

“दर का वाढवत नाही ती?” मी विचारलं.

“बाबा नको म्हणतात. ओळखीची माणसं आहेत, लोक काय म्हणतील.”

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता. भाचीला वर्ग होते, पण जाण्याआधी तिने बजावलं होतं, “नदीपलीकडे ‘सेवा’चं ऑफिस बघून जा. मॅनेजमेंट तिथेही आहे.” एलिस ब्रिज ओलांडला की भद्रजवळ ते लागतं. इलाबेन भट वकील. उमेदवारीच्या काळात काही दिवस त्यांनी मुंबईत एस. एन. डी. टी. मध्ये इंग्रजी शिकवलं होतं. पुढे मजूर महाजनात काम करताना त्यांना दिसलं, की डोक्यावर गाठोडी वाहणाऱ्या, जुने कपडे आणि भाजी विकणाऱ्या बायकांना कोणी कामगारच समजत नाही. १९७२ मध्ये संघटना नोंदवायला गेल्या, तर अधिकारी म्हणाले, यांना मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? तरी नोंदवली. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. संस्थापक बायकांना सही येत नाही म्हणून अडलं, तेव्हा रात्रभर बसून त्या आपलं नाव गिरवायला शिकल्या. लिहिता न येणाऱ्या खातेदाराची ओळख पटावी म्हणून पासबुकात फोटो, हातात खात्याच्या नंबराची पाटी धरलेला. इलाबेन २०२२ मध्ये गेल्या. बँक चालू आहे. २००५ मध्ये ‘सेवा’ने याच बायकांसाठी मॅनेजरची शाळाही काढली.

पेढीवर बसलेल्या एका भाजीवाल्या मावशी पैसे मोजून भरत होत्या. पासबुक पदराच्या गाठीत. त्या किती कमावतात, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं, छापलेलं होतं.

आपल्यापैकी कुणाला हे शिकायचं असेल तर अहमदाबादच गाठायला हवं असं नाही. नाशिकला गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासूनचं. घरी बसून, मराठीतून पदवी करता येते, वयाची अट आड येत नाही. १९८५ मध्ये स्थापन झालेलं दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठही असे अभ्यासक्रम चालवतं. पुस्तकं घरी येतात, संपर्कवर्ग जवळच्या केंद्रावर होतात. माझा एक सल्ला, हिशेबाचा विषय असलेला अभ्यासक्रम घ्या. नुसत्या व्यक्तिमत्त्व विकासावर वेळ घालवू नका.

परत आल्यावर तो कागद ताईच्या हाती दिला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला, पोरीचं अक्षर किती खराब झालंय म्हणाली आणि देवघराच्या खणात ठेवून दिला. मला वाटलं, झालं, तिथेच राहणार. पण पुढच्या एक तारखेला तिने डबा ९० रुपयांचा केला. भाऊजींना संध्याकाळी सांगितलं, विचारलं नाही. तीन गिऱ्हाइकं तुटली. भाऊजी म्हणाले, बघ, मी सांगत होतो.

ताईने मला फोन केला आणि स्वतःच आकडे वाचून दाखवले. नऊ डबे, पंचवीस दिवस, २२५. डब्यामागे आता ४० सुटतात, म्हणजे ९,०००. सहा हजार वजा, हाती ३,०००. बारा डब्यांत जेवढे मिळत होते, तेवढेच. “आणि मी पाचला उठते,” ती म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, “ते नाशिकचे फॉर्म कधी निघतात गं?”