हळदीचं रान आणि दादाचं पोट

आमच्या कृष्णाकाठाला पोटाच्या दुखण्यांची नावं ठरलेली. पावसाळ्यात मोडशी, लगीनसराईत हागवण, चिकट पडलं की आव आणि रक्त पडलं की मूळव्याध. पाचवं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळं माझ्या थोरल्या भावाला, दादाला, अठ्ठाविसाव्या वर्षी जे झालं ते दीड वर्ष मूळव्याध म्हणूनच घरात नांदलं.

तेव्हा घरी संडास नव्हता. दादा पहाटे टमरेल घेऊन उसाकडं जायचा. एकदा जाणारा माणूस तीनदा जाऊ लागला, मग सात-आठदा. हळद काढणीच्या दिवसांत बायका सरीत ओळीनं बसलेल्या असायच्या आणि हा खोरं टाकून उसात पळायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मोटर बघून येतो." रक्त पडतंय हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. धुण्याचं पिळं करताना वहिनीच्या लक्षात आलं, म्हणून घरात कळलं.

मग जो तो औषध सांगू लागला. आई ताकात इसबगोल कालवून द्यायची. आजीचं माहेर डोंगराकडलं, तिनं तिथनं कुड्याची साल मागवली. ती उगाळून दिली की दादाचं तोंड दिवसभर कडू व्हायचं. बेलाचा मुरंबा झाला, डाळिंबाच्या सालीचा काढा झाला. हळद तर घरचीच. आमच्या अंगणात काहिलीत शिजलेली हळकुंडं पसरलेली असायची आणि पाय ठेवायला जागा नसायची. तालुक्याच्या एका डॉक्टरनं न तपासताच मूळव्याधीचं मलम दिलं, वर इंजेक्शनं दिली. कधी आठ दिवस बरं वाटायचं आणि त्या आठवड्यात जे औषध चालू असेल त्याला गुण यायचा. नवव्या दिवशी पुन्हा उसाची वाट.

दादा वाळत चालला. जिना चढला तरी धाप लागायची. शेवटी वहिनी म्हणाली, "आता मी ह्यांना मिरजंला नेणार. कुणी संगं या नायतर नका येऊ." मी संगं गेलो.

तिथं दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावर मोठ्या आतड्याचं चित्र काढलं आणि खालच्या टोकापासून वर लाल पेन फिरवलं. "हा मूळव्याध नाही, आव पण नाही. ह्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. शरीराची जी ताकद जंतूंशी लढायची, तीच आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. तिथं सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. कधी शांत होतं, कधी उसळतं. गोळ्यांनी शांत ठेवता येतं. मात्र शांत झालं म्हणजे गेलं, असं धरू नका." रक्त सातावर आलं होतं. मेसालामाइनच्या गोळ्या, काही आठवडे स्टेरॉइड, त्याच्या जोडीला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. लोहाच्या गोळ्या पोटाला सोसणार नाहीत म्हणून लोह सलाइनमधनं दिलं.

दीड महिन्यात दादा माणसात आला. त्या साली हळदीची पट्टी बरी आली. मोटर बदलायची ठरली होती, ते राहिलं आणि परड्यात संडास बांधला. आजीला घराजवळ संडास म्हणजे विटाळ वाटायचा, पण ती काही बोलली नाही.

सहा महिने बरे गेले आणि मग गोळ्यांचा कंटाळा सुरू झाला. "बरा हाय तर खाऊ कशाला?" त्यात बाजारात एक काढेवाला भेटला. त्यानं सांगितलं, गोळ्यांनी रोग दबतो, मी मुळासकट काढतो, पण इंग्रजी औषध बंद करावं लागंल. दादानं गोळ्या बंद केल्या. काढा, वर रोज मूठभर हळद दुधातनं. वहिनी भांडली. दादा म्हणाला, "अगं, हळदीत जन्म गेला. ती काय मला मारणार हाय?"

हळदीनं काही केलं नाही. गोळी थांबली, त्यानं केलं. त्यातच काढणीला कंबर धरली म्हणून त्यानं दुकानातनं अंगदुखीच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. अडीच महिन्यांनी एका रात्री पंधरा वेळा रक्त पडलं, ताप चढला, उभं राहता येईना. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकत अडकत आम्ही मिरजेला पोचलो. रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर वहिनीला बाजूला घेऊन म्हणाले, औषधाला दाद मिळाली नाही तर मोठं आतडं काढावं लागेल. वहिनीनं विचारलं, "माणूस राहील न्हवं?" पाचव्या दिवशी रक्त थांबायला लागलं.

घरी सोडताना डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "घरी काय काय देता ते सगळं सांगा." आईनं एकेक सांगितलं आणि ते एकेकावर बोलले. इसबगोल चांगलं, पण पोट शांत असताना आणि भरपूर पाण्यातनं. उसळलेलं असताना नको. ताक सोसत असेल तर खुशाल, नसेल तर आग्रह नको. कुड्याची साल आवेवर पिढ्यान्‌पिढ्या देतात, पण ही आव नव्हे. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, त्यांनी हा आजार उसळू शकतो. बिनलेबलाच्या बाटलीत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, ती घरात नको.

"आणि हळद?" दादानं विचारलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, जपानात २००६ साली असा आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना नेहमीच्या गोळीसोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा अर्क, सहा महिने दिला. तो घेणाऱ्यांत आजार कमी जणांचा उलटला. "पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्यांनी गोळी बंद केली नव्हती. आणि शंभर ग्रॅम हळदीत हा अर्क तीनेक ग्रॅम. दोन ग्रॅमसाठी रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीतली हळद खा, अर्काची गोळी घ्यायची तर मला विचारून."

दादा सगळा हिशेब बोटांवर करत होता. हळदीचा भाव क्विंटलवर ठरतो. तिच्या आतला अर्क ग्रॅमात मोजलेला तो पहिल्यांदाच ऐकत होता. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "म्हंजे हळद भाजीची जोडीदार. कारभारीण न्हवं."

घरी आल्यावर वहिनीनं जमाखर्चाच्या वहीत मागल्या बाजूनं पानं आखली. काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का. त्यातनंच कळलं की दादाला उन्हाळ्यात म्हशीचं दूध सोसत नाही, ताक सोसतं. हिरवी मिरची शांत दिवसांत चालते, उसळलेल्या दिवसांत नाही. शेजारी कुणाला हाच आजार असला तर त्याची वही वेगळी निघंल, असं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलंय. गोळ्यांची डबी मिसळणाच्या डब्याशेजारी असते. आधी गोळी, मग भाकरी. इसबगोल अजूनही आईच कालवते.

आजाराला आठ वर्षं झाल्यावर दुर्बिणीची तपासणी ठरावीक काळानं करत राहावी लागते, कारण जुन्या सुजेत कॅन्सरचा धोका वाढतो. त्यासाठी हळदीच्या पट्टीतले पैसे वहिनी आधीच बाजूला काढते.

आता गावातली पोरं दादाकडं काढा विचारायला येतात. दादा पारावर, चारचौघांत, मोठ्यानं विचारतो, "रक्त पडतंय का? किती दिस झालं?" पोरगं लाजून खाली बघतं. दादा म्हणतो, "लाजू नगं. उसात लपून मी दीड वर्ष घालवलं. आधी दुर्बीण करून ये, मग ताक प्यायला घरी ये."