नाव एक, हिज्जे पाच

आमच्या मालगुंडात लोक केशवसुतांचं घर पाहायला येतात. कृष्णाजी केशव दामले कोण, असं विचारलं तर त्यातलेच काहीजण गोंधळतात. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे ठाऊक असेल त्यालाच जोडता येतं. संगणकाला तर ते कुणीतरी सांगावंच लागतं.

हे मला कळलं नववीतल्या एका मुलीमुळे. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर तिला टिपण लिहायला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सर, काहीच मिळालं नाही. आपल्या लोकांनी मराठीत लिहिलंय तरी कुठे?” तिनं ऑनलाइन ग्रंथसूचीत ‘मोहम्मद’ टाइप केलं होतं, नोंद होती ‘महंमद’. उर्दूत हे नाव मीम, हे, मीम, दाल असं एकाच तऱ्हेनं लिहितात. मराठीत मात्र महंमद, महमद, मोहंमद, मोहम्मद, मुहम्मद!

मग मी अनेक संग्रहांत एकदम शोधणाऱ्या प्रणाल्या ताडून पाहिल्या. एका तऱ्हेत आपला शब्द त्याच क्षणी प्रत्येक संग्रहाकडे जातो आणि सगळ्यांच्या उत्तरांची वाट पाहावी लागते. दुसरीत सगळीकडच्या नोंदी आधीच गोळा करून एक सूची केलेली असते, म्हणून उत्तर चटकन येतं. अमेरिकेतल्या व्हिलानोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं मोफत ‘व्ह्यूफाइंड’ मुख्यतः असं चालतं. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही नोंदी एकत्र आणतं.

पण चुकलेला हिज्जा वेगानं सुधारत नाही. त्यावर ग्रंथपालांचा उपाय जुनाच आहे: एक नाव मुख्य ठरवायचं आणि बाकीची त्याला जोडायची. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या मोफत ‘कोहा’त तशी सोय आहे. मात्र ती जोडणी करायला दोन्ही लिप्या जाणणारा माणूस बसवावा लागतो.

मुलीला मी पाचही हिज्जे लिहून दिले. नोंद सापडली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “म्हणजे होते, सर!”

तुमच्या ग्रंथालयात अशी प्रणाली घ्यायची झाली, तर किंमत विचारण्याआधी हे नाव पाचही तऱ्हांनी आणि उर्दूतही टाइप करून पाहा. उत्तर दरवेळी तेच आलं, तर पुढचं बोला.