बत्तीस की बारा

आमच्या घरात बंदूक होती, पण बंदुकीची हौस कुणालाच नव्हती. पेज नदीच्या काठाला आमची भातशेती आणि गावात जुनी भातगिरणी. टाटांच्या भिवपुरी वीजघरातून सुटलेलं पाणी पेजेत उतरतं, तिथून राजनाल्याला लागतं, म्हणून कर्जत तालुक्याच्या या पट्ट्यात उन्हाळीही पिकतं. भात दोनदा म्हणजे रानडुकरांची पंगतही दोनदा. वडिलांची, म्हणजे अण्णांची, बारा बोअरची एकनळी त्या डुकरांसाठी. ती कुणावर चालवल्याचं मी पाहिलेलं नाही. रात्री माळ्यावरून एक बार हवेत काढायचा, कळप ओढ्याकडे पळायचा, आणि तासाभरानं शेजाऱ्याच्या शेतात शिरायचा.

माझी सासुरवाड खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या बाजूची. सासऱ्यांकडे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, छर्रे टाकायचे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. इतकं होईपर्यंत डुकरानं अर्धा वाफा लोळवलेला असतो. आषाढात तर दारूच सादळते. तरीही १९५९च्या शस्त्र कायद्याला ही बंदूक लाडकी आहे. पिकाच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीची, किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर परवाना द्यावा असं कलम १३ सांगतं. रिव्हॉल्वरसाठी असा मोकळा हात कायद्यानं ठेवलेला नाही.

आणि मला नेमकं रिव्हॉल्वर हवं होतं. गिरणीचा व्यवहार सुगीच्या दिवसांत रोखीचा असतो. खोपोलीहून पैसे घेऊन येताना पळसदरीच्या वळणांवर एका संध्याकाळी दोन मोटारसायकली बराच वेळ मागे राहिल्या. काही घडलं नाही. पण बारा बोअर काही गाडीच्या सीटवर टाकून फिरता येत नाही, हे मात्र त्या संध्याकाळी डोक्यात बसलं.

२०२२ साली मेहुण्याकडे टेक्सासला गेलो, तेव्हा तो नेमका नवं शस्त्र घेत होता. मी दुकानात गेलो तो बघ्या म्हणून. पर्यटक व्हिसावरच्या परदेशी माणसाला तिथे बंदूक विकत घेता येत नाही, आणि शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर जवळ बाळगताही येत नाही. हे मेहुण्यानं आधीच बजावलं होतं. त्यामुळे मी हात पाठीमागे बांधून काउंटरशी उभा राहिलो, सराफाच्या दुकानात नवरे उभे राहतात तसा.

त्यानं घेतलं ते रूगर कंपनीचं ब्लॅकहॉक. १९५५पासून निघणारं, आणि चालीनं त्याहून जुनं. कोल्टच्या १८७३च्या रिव्हॉल्वरची ती घडण. सिंगल अ‍ॅक्शन. म्हणजे दर बाराला अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मग चाप. घोडा न ओढता चाप कितीही दाबा, बार सुटणार नाही. गोळ्या भरायच्या त्याही एकेक, उजव्या बाजूची छोटी झडप उघडून. रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलायच्या त्याही एकेक, नळीखालच्या दांडीनं. घाईच्या माणसाचं हे हत्यार नव्हेच. जुन्या घडणीत घोडा थेट गोळीच्या बुडावर टेकायचा, रिव्हॉल्वर हातून पडलं तर बार व्हायचा. म्हणून शहाणी माणसं सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. रूगरनं १९७३ साली मध्ये एक पट्टी बसवली. चाप दाबलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पुढे पोचवते. तेव्हापासून सहाच्या सहा भरता येतात.

मेहुण्याला भुरळ पडली होती ती डब्यातल्या दुसऱ्या सिलिंडरची. एका सिलिंडरमध्ये .३५७ मॅग्नम, आणि त्यातच .३८ स्पेशलही चालते. दुसऱ्यात ९ मिलिमीटर. दुकानदारानं झडप उघडली, पुढची कळ दाबून मधला दांडा ओढला, सिलिंडर बाजूनं हातात आला, दुसरा सरकवला, दांडा पुन्हा आत. चहा ओतायला लागतो तेवढा वेळ. नळी तीच. दोन्ही गोळ्यांच्या जाडीत इंचाच्या हजाराव्या भागाचे दोनच भाग फरक, तेवढं एक नळी पोटात घालते. फरक असतो पुंगळीत. .३५७ची पुंगळी लांब आणि बुडाला कडा असलेली, त्या कडेवर ती घरात टेकून राहते. ९ मिलिमीटरची आखूड, बुडाला बाहेर आलेली कडाच नाही; ती टेकते तोंडाच्या काठावर. म्हणून घर वेगळं हवं. कारखान्यात दोन्ही सिलिंडर त्याच रिव्हॉल्वरला जुळवून बसवतात, आणि सुट्या सिलिंडरवर त्या शस्त्राच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे कोरतात, म्हणजे दुसऱ्याचा यात बसवायचा उद्योग कुणी करू नये. हिशेब सरळ: स्वस्त ९ मिलिमीटरवर हात बसवायचा, रानात जाताना मॅग्नम लावायची.

मेहुण्यानं फॉर्म भरला, दुकानदारानं सरकारी तपासणी करून घेतली, अर्ध्या तासात डबा काखोटीला. दुसऱ्या सिलिंडरची तर नोंदसुद्धा नाही. तिथल्या कायद्यानं शस्त्र म्हणजे सांगाडा. सिलिंडर हा लोखंडाचा तुकडा.

परत आल्यावर मी अर्ज केला. आपल्याकडे क्रम उलटा आहे. मेहुण्यानं आधी शस्त्र घेतलं आणि कुठली गोळी ते रोज सकाळी ठरवायला मोकळा राहिला. इथे गोळीची जात आधी ठरते, ती सरकार ठरवतं, आणि उरलेल्या जागेत मावेल ते शस्त्र तुमचं. ९ मिलिमीटर प्रतिबंधित बोअर. तिचा परवाना जिल्ह्यात मिळतच नाही, तो विषय दिल्लीत गृहमंत्रालयाचा. म्हणजे दोनातला एक सिलिंडर इथेच बाद. परदेशी शस्त्र मागवणं नामांकित नेमबाजांना जमतं, गिरणीवाल्याला नाही. आणि सुटा सिलिंडर? आपल्या कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच. मेहुण्यानं एकदा फोनवर विचारलं, ‘दाजी, जुन्या रिव्हॉल्वरचा एक सिलिंडर पडलाय, टेबलावर कागद दाबायला आणू का?’ मी त्याला इतक्या जोरात नाही म्हणालो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

कागदांचं फार सांगत नाही. मिळकतीचे पुरावे, कारण, डॉक्टरांचा दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस ठाण्याचा अहवाल, मग फाईल पेणमार्गे अलिबागला. खांडसकडचा आमचा एक नातेवाईक त्याच सुमाराला अर्ज करत होता. त्याचं गाव भीमाशंकर अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत, त्यामुळे वन्यजीव कायद्याच्या कलम ३४प्रमाणे त्याला वनखात्याची संमतीही हवी. डुकरं अभयारण्यातून येतात आणि संमतीही अभयारण्याकडेच मागायची, यावर तो अजून हसतो.

माझ्या बाबतीत एक अडचण घरातलीच. अण्णा सत्तरीच्या पुढचे. २०१६च्या नियमांप्रमाणे सत्तरी उलटलेल्या परवानाधारकाला आपलं शस्त्र वारसाच्या नावे करता येतं. त्यांची बारा बोअर माझ्या नावावर आली. २०१९च्या दुरुस्तीनं माणशी तीन शस्त्रांची मर्यादा दोनावर आणली. एक बारा, एक रिव्हॉल्वर, हिशेब संपला. सासऱ्यांची ठासणी उद्या माझ्याकडे यायची म्हटलं तर मला एक सोडावं लागेल. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘मग ते छोटं सोडा, जावईबापू.’

छोटं म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२. मुंबईच्या दुकानात ते काउंटरवर आलं तेव्हा मी अजून टेक्सासच्याच तालात होतो. ‘सिलिंडर बदलता येतो का?’ असं विचारलं. दुकानदारानं वर पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, ‘साहेब, परवाना बदलता येतो का ते आधी बघा.’ माणूस मला आवडला. त्यानं २०१४चं निर्भीकही दाखवलं. अर्धा किलो वजन, निघालं तेव्हा १,२२,३६० रुपये किंमत, आणि दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीवरून नाव. लाखाच्या वरचं हत्यार कुठल्या बाईच्या पर्समध्ये जाणार, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता, आणि मला तो रास्त वाटतो.

मी साधं घेतलं. जुन्या वेबली घडणीचं. खटका दाबला की नळी पुढे मोडते आणि सहाही पुंगळ्या एकदम उचलल्या जातात; ब्लॅकहॉकची ती एकेक ढकलण्याची कसरत नाही. नुसता चाप ओढूनही बार होतो, पण चाप जड लागतो आणि नेम हलतो. अंगठ्यानं घोडा चढवला की मात्र हलका. मी तेच करतो, म्हणजे सिंगल अ‍ॅक्शनची हौस तेवढी फिटते. वर तेव्हाचा २८ टक्के जीएसटी. मग बोअर आणि क्रमांक परवान्यावर चढले, आणि काडतुसं एका वेळी किती, वर्षाला किती, तेही.

काडतुसं घेताना एक काळजी घ्या. रिव्हॉल्वरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस, दोघांनाही लोक नुसतं बत्तीस म्हणतात आणि दोन्ही काडतुसं वेगळी. दुकानदारानं डबी उघडून बूड दाखवलं. केएफ अशी अक्षरं. खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९चा. बोरघाट चढून गेलं की तासाभराच्या अंतरावर.

घरी आल्यावर सासऱ्यांनी रिव्हॉल्वर हातात घेतलं, फिरवलं, परत दिलं. ‘डुकराला याचं काय करणार? परवाना वाचायला देणार?’ त्यांचं बरोबरच होतं. मग अण्णांनी कपाटातून बाराच्या काडतुसांचे डबे काढून ओळीनं मांडले. एलजी, मोजके टपोरे गोळे. एसजी, त्याहून थोडे बारीक. चार नंबर, सहा नंबर, पाखरांचे छर्रे. एकसंध गोळीचंही एक जुनं पडलेलं. सगळी त्याच नळीतून जाणारी, सिलिंडर न बदलता, आणि परवान्यावर नोंद एकच: बारा बोअर. ज्या सोयीसाठी मेहुण्यानं दुसरा सिलिंडर घेतला, ती आमच्या कपाटात कधीपासून पडून होती. अण्णा बोलले काही नाहीत. डबे पुन्हा भरून ठेवले.

२०२४ साल आमच्या शस्त्रांनी बरंचसं पोलीस ठाण्यात काढलं. आम्ही रायगड जिल्ह्यातले, पण लोकसभेला मावळचे मतदार. आमचं मतदान १३ मे रोजी. पुन्हा विधानसभा २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आचारसंहिता लागली, नोटीस आली, बंदूक आणि रिव्हॉल्वर जमा करून पावती घेतली. मेमध्ये उन्हाळी भात कापणीला, दिवाळीच्या आसपास खरीप. डुकरं आचारसंहिता पाळत नाहीत. त्या रात्री आम्ही पत्र्याचे डबे बडवले, शेकोट्या केल्या, आणि कर्जत संशोधन केंद्राच्या वाणाचा एक चांगला तुकडा तरीही गेला.

राहिला सराव. बत्तीसची काडतुसं महाग, वर्षाची संख्या ठरलेली, आणि शेतात उगाच बार काढणं गुन्हा. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या रेंजवर जायचं, ते गिरणी सोडून जमत नाही. टेक्सासात याच कामाला दुसरा सिलिंडर असतो. मी .१७७ची एअर पिस्तूल आणली. वीस ज्यूलच्या आतली असली की परवाना लागत नाही. गिरणीमागे तुसाची पोती रचली, पुठ्ठ्यावर वर्तुळं काढली, आणि संध्याकाळी चक्की बंद झाली की तिथे उभा राहतो. हात आता थोडा कमी हलतो.

परवा अण्णा काठी टेकत मागे आले. पुठ्ठ्याकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं, कोपऱ्यातल्या कुरतडलेल्या गोणीकडे बघितलं.

‘उंदीर तरी मार त्यानं,’ म्हणाले, आणि आत गेले.